नागपूर ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आहे आणि किती तास लागतात?

सरळ अंतर साधारण १२,६०० किलोमीटर. थेट विमान नाही, त्यामुळे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उड्डाण झाल्यापासून तिथे उतरेपर्यंत वीस ते सव्वीस तास धरा. तुम्ही आई-बाबांना पहिल्यांदाच बहिणीकडे पाठवताय असं लिहिलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मी नागपुरात विमानाची तिकिटं काढून देण्याचंच काम करतो.

न्यूयॉर्क पश्चिमेला, म्हणून मुंबईमार्गे जवळ पडेल असं बहुतेकांना वाटतं. घरात पृथ्वीगोल असेल तर नागपूर आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून बघा. तो मुंबईकडे जातच नाही. दिल्लीच्या थोडा पश्चिमेकडून वर चढतो आणि मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलँड असा फिरून उतरतो. नागपूर-दिल्ली ८५० आणि दिल्ली-न्यूयॉर्क ११,७५०, म्हणजे दिल्लीमार्गे अंतर जवळपास वाढतच नाही. मुंबईमार्गे सहाएकशे किलोमीटर जास्त पडतात, कतारमधल्या दोहामार्गे हजारेक.

पण विमान दोऱ्यावरून उडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना मोठा वळसा पडू लागला. काहींना तर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. वाऱ्याचंही तसंच. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून येताना साधारण तासभर वाचतो. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला.

तेव्हा तिकीट बघताना किलोमीटर सोडा, मधला थांबा बघा. नागपूर-दिल्ली पावणेदोन तास, पुढे पंधरा ते सतरा. उरलेला सगळा वेळ थांब्याचा. वयस्कर माणसांसाठी मी चार तासांपेक्षा कमी थांबा घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, तेव्हा तर सहा तासही चालतील. आणि दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) हवीत, हे अगदी आग्रहाने सांगतो. पहिलं विमान उशिरा पोहोचून पुढचं सुटलं तर दुसऱ्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन-तीन हजार वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढली की ती जबाबदारी आई-बाबांवर पडते, तीही मध्यरात्री, अनोळखी विमानतळावर.

दोहाचा पर्याय मला त्यांच्यासाठी खरंच बरा वाटतो. नागपूरहून दोहापर्यंत थेट विमान असतं, देश सोडतानाचं इमिग्रेशन (पासपोर्ट तपासणी) इथेच होतं, अधिकारी मराठी-हिंदीत बोलतात. अंतर जास्त, पण दिल्लीत टर्मिनल बदलायची धावपळ नाही.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे वेळांची नुसती वजाबाकी केली तर प्रवास फार छोटा वाटेल. अमेरिकेतही पुढे दुसरं विमान पकडायचं असेल, तर उतरल्या विमानतळावर इमिग्रेशन करून बॅगा स्वतः घ्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा. मदतनीस या सगळ्या रांगांमधून त्यांना सोबत नेतो.