कामावर सायकलने जाणे व्यायामात धरावे का?

प्रश्न : माझे वय ४६ व वजन ८२ किलो असून रक्तदाबाची एक गोळी रोज सुरू आहे. गेले दोन महिने मी कोथरूडहून शिवाजीनगरच्या कार्यालयात सायकलने जातो. अंतर सुमारे ६ किलोमीटर असून जाताना २५ व परतताना चढामुळे ३० मिनिटे लागतात. असे दोन तुकड्यांत झालेले सायकलिंग व्यायाम म्हणून पुरेसे आहे का? वजन जेमतेम एक किलोने उतरले आहे, संध्याकाळी गुडघ्याच्या वाटीजवळ दुखते, आणि वाहनांच्या धुराने फायद्यापेक्षा तोटाच होईल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आठवड्याचे पाच दिवस धरले तर आपले सायकलिंग २७५ मिनिटांचे होते. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि व्यायाम एका वेळी किमान १० मिनिटे तरी व्हावा ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. त्यामुळे तुकड्यांची चिंता नको.

ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार नोकरदारांच्या सरासरी पाच वर्षांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटार किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा ४६ टक्क्यांनी कमी आढळला. चालत जाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी दिसला, पण एकूण मृत्यूंत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. मुळात धडधाकट माणसेच सायकल निवडतात, हा आक्षेप अशा अभ्यासावर राहतोच. तरीही वय, धूम्रपान, आहार यांचा हिशेब करूनही फरक उरला, हे मला महत्त्वाचे वाटते.

वजनाबाबत मात्र अपेक्षा आवरती घ्यावी. दिवसभराच्या ५५ मिनिटांत आपण ढोबळमानाने ३५० ते ४५० किलोकॅलरी खर्च करता, आणि कार्यालयाबाहेरचा एक वडापाव व साखरेचा चहा त्यातला बहुतेक भाग परत भरून काढतो. तेव्हा काट्याबरोबर कमरेचा घेर आणि घरी मोजलेला रक्तदाबही लिहून ठेवावा. नियमित व्यायामाने वरचा रक्तदाब साधारण ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, म्हणून घड्याळातील आकड्यांपेक्षा दम किती लागतो ते पाहावे : बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. छातीत दाब किंवा चक्कर जाणवल्यास तिथेच उतरावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

गुडघ्याचे दुखणे बहुधा सीट खाली असल्यामुळे आहे. सिग्नलला दोन्ही पाय आरामात टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची आपल्याकडे सवयच आहे. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा अधिक दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. भिंतीला धरून सीटवर बसावे व टाच खालच्या पायडलवर ठेवावी. तेव्हा पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचितच वाकलेला राहतो. सीट एकदम न वाढवता आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढवावी. चढावर जड गिअरमध्ये जोर लावत बसण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवावेत. तीन आठवड्यांत उतार पडला नाही किंवा सूज आली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

धुराची शंका रास्त आहे. २०१६ मधील एका गणिती अभ्यासानुसार हवेतील सूक्ष्म कणांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असली, तरी रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्यापेक्षा अधिक राहतो. पुण्याची वार्षिक सरासरी त्याहून कमी आहे आणि आपण तासाभराच्या आतच आहात. तरी मुख्य रस्ता टाळून आतल्या गल्ल्या धराव्यात. पाच मिनिटे अधिक लागली तरी चालतील. तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ ही पुण्याची ओळख असली, तरी सूक्ष्म कण त्याने अडत नाहीत.

एक उणीव मात्र सायकल भरून काढत नाही. शरीराचा भार सीटवर असल्याने हाडांवर पुरेसा ताण पडत नाही, आणि खांदे व दंड जवळजवळ रिकामेच राहतात. म्हणून आठवड्यातून दोनदा, अगदी शनिवार व मंगळवारी जरी, वीस मिनिटे बैठका, भिंतीला टेकून जोर आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम करावा. गुडघा दुखतो आहे तोवर बैठका खुर्चीपर्यंतच ठेवाव्यात.