जीएनएमनंतर १० वर्षांनी पोस्ट बेसिक बीएससी करण्यात अर्थ आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३४, बारावी आर्ट्स, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन १० वर्षं झाली, नागपुरात धंतोलीतल्या खाजगी दवाखान्यात आयसीयूला स्टाफ नर्स आहात, आणि घरचे म्हणतात, "आता काहून शिकतेस?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. पोस्ट बेसिक बीएससी, म्हणजे डिप्लोमावाल्या नर्सेससाठीची डिग्री, करून नेमकं कुठे जायचं, ते आधी ठरवा. त्याच दवाखान्यात, त्याच बेडपाशी राहायचं असेल तर पगारात फारसा फरक पडत नाही. खाजगीत अनुभव आणि नाईट करायची तयारी बघतात. मला वॉर्डातून निघून शिकवायचं होतं, म्हणून या कोर्सला दिलेली दोन वर्षं माझ्या कामी आली. नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर व्हायला किमान बीएससी लागते, जीएनएमवर तो दरवाजा बंदच. पुढे एमएससी करायची असेल तर पोस्ट बेसिकवाल्यांचा एक फायदा आहे. लागणारा एक वर्षाचा अनुभव कोर्सच्या आधीचा असला तरी चालतो, तो तुमच्याकडे आहेच. फक्त मार्क ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

एम्सचं स्वप्न असेल तर आधी वयाचा हिशेब करा. मिहानमधल्या एम्सची नर्सभरती नॉरसेट या परीक्षेतून होते आणि तिथे खुल्या वर्गाला ३० ची मर्यादा आहे, आरक्षित प्रवर्गाला काही वर्षांची सूट. शिवाय ५० खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव असेल तर जीएनएमवरही तो फॉर्म भरता येतो. म्हणजे केवळ त्यासाठी डिग्री करण्यात मला अर्थ दिसत नाही.

आर्ट्सची काळजी सोडा. सायन्स लागतं ते बारावीनंतरच्या चार वर्षांच्या बीएससीला. पोस्ट बेसिकला बारावी, जीएनएम आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघतात. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री-बायोफिजिक्सला लोक घाबरतात, पण आयसीयूत इतकी वर्षं एबीजी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा रिपोर्ट) वाचणाऱ्या सिस्टरला ॲसिड-बेस कोणी वेगळं शिकवायची गरज नसते. मला खरा घाम फोडला तो दुसऱ्या वर्षाच्या रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्सने.

आता नोकरीचं. रेग्युलर कोर्स दोन वर्षांचा आणि पूर्ण वेळेचा आहे. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि क्लिनिकल पूर्ण १०० टक्के, सुटलेले दिवस भरून द्यावे लागतात. नाईट करून सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर दिला आणि तशाच वर्गात बसल्या, असं करणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. पहिल्या परीक्षेपर्यंत त्यांची पार दैना होते. घरात दोन वर्षं एकाच पगारावर भागतं का, हे नवऱ्यासोबत वहीत मांडून बघा. मुलांचा टिफिन कोण करणार, तेही त्याच वहीत लिहा (हसू नका, आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण यावरूनच झालं होतं).

दुसरा रस्ता इग्नूचा, म्हणजे मुक्त विद्यापीठाचा. तो किमान तीन वर्षांचा आणि नोकरीतल्या नर्सेससाठीच बनवलेला आहे. बारावी झालेल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि प्रवेश परीक्षा असते. प्रॅक्टिकलला मात्र केंद्रावर जावंच लागतं, तेव्हा त्या दिवसांची रजा मिळेल का हे मेट्रनला आधीच विचारून घ्या. इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. तुमच्या जागी मी असते तर आधी तिथे चौकशी केली असती.

एकच इशारा, तोही कळकळीने. "फक्त नाव लावा, हजेरीचं आम्ही बघतो" म्हणणारे एजंट दवाखान्यांच्या आवारातच फिरतात, आणि कॉलेज बहुधा दुसऱ्याच राज्यातलं असतं. एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्रातलं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहे का, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, हे स्वतः तपासा. डिग्री मिळाली की मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे ॲडिशनल क्वालिफिकेशनची नोंद लगेच करून घ्या. ट्यूटरच्या मुलाखतीत मार्कशीटच्याही आधी माझ्याकडे तोच कागद मागितला होता.