कथेतले दहा रुपये कुठे गेले? आणि वाचकांचे इतर प्रश्न

गेल्या अंकातील कथा-कवितांवर आलेल्या पत्रांपैकी ज्यांत नुसता अभिप्राय नसून काही विचारणा आहे, अशी चार पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असली, तरी प्रश्नांचा आशय बदललेला नाही.

प्रश्न: लातूरकडच्या शेतकऱ्याची कथा 1944 सालात घडते. बाप बैल घ्यायला कमरेच्या कशात सत्तर रुपये बांधून बार्शीच्या बाजाराला निघतो आणि बाजारात मात्र त्याच्याजवळ साठच रुपये भरतात. वाटेत चोरी होत नाही, खर्चही होत नाही. त्यातच जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला लेखकाने ‘अव्वल तालुकदार’ म्हटले आहे. लेखकाचा हिशेब आणि कारभाराची माहिती, दोन्ही कच्ची आहेत असे का समजू नये?
— एक वाचक, पुण्याहून येऊन छत्रपती संभाजीनगरला स्थायिक

उत्तर: आपण कथा बोट ठेवून वाचली आहे, आणि जेथे बोट ठेवले ती जागाही अचूक आहे, फक्त तेथे चूक नाही, तेथेच कथेचा जीव आहे. 1944 साली लातूर निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तर बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात होती. निजामाच्या राज्याचे नाणे वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत, आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा त्यांचा भाव होता. त्या भावाने सत्तर हालींचे साठ कलदार होतात. म्हणजे लेखकाचा हिशेब पैपर्यंत बरोबर आहे. दहा रुपये कोणी चोरले नाहीत, ते सरहद्दीने घेतले.

कथेत यासाठी एकच वाक्य आले आहे, ते म्हणजे सराफ नाणी मोजून घेतो आणि ‘मोगलाईतले दिसता’ असे म्हणून दुसरी नाणी पुढे सरकवतो. निजामी मुलखाला मोगलाई म्हणण्याची रीत आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत सर्रास होती आणि आजही एखाद्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात ती सापडते. ज्याच्या घरात हे बोलणे झालेले नाही, त्याच्या हातून ते वाक्य निसटणे स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी कथेखाली तळटीप द्यावी, अशी सूचना इतरही दोन पत्रांत आहे. आम्ही ती हेतुपुरस्सर टाळतो, कारण त्या बापालाही तो हिशेब कोणी समजावून सांगितलेला नाही. ज्या गोंधळात तो उभा आहे, त्यात वाचकानेही क्षणभर उभे राहावे, हाच लेखकाचा डाव आहे. बैलाची किंमत पासष्ट कलदार ठरते आणि गावात सत्तर रुपयांचा धनी असलेला माणूस बाजारात पाच रुपयांनी गरीब ठरतो, हे टीप देऊन सांगितले असते तर ते माहिती म्हणून पोहोचले असते, लाज म्हणून पोहोचले नसते.

तालुकदाराविषयीही तेच. इंग्रजी मुलखातील कलेक्टरच्या जागी निजामी राज्यात अव्वल तालुकदार असे, त्यामुळे नावावरून तो तालुक्याचा अधिकारी वाटला तरी जिल्हा त्याच्याच हाती असे. परतीच्या वाटेवर ज्या नाक्यावर बापाची झडती होते, ते करोडगिरीचे नाकेही लेखकाच्या कल्पनेतले नाही. निजामी राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, तरी हाली सिक्का लगेच गेला नाही. 1959 पर्यंत तो टिकून होता. मधल्या काळात, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले होते.

लेखकाला खरोखर पकडायचे असते, तर जागा दुसरी होती. त्याने चुकून ‘लातूर जिल्ह्याची कचेरी’ असे लिहिले असते, तर आपला आक्षेप आम्ही मुकाट्याने मान्य केला असता, कारण लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजी झाला. जुन्या काळावर लिहिणारे पुष्कळ जण नेमके येथेच घसरतात. जालना जिल्हा 1981 चा आणि हिंगोली 1999 चा, हे विसरून रझाकारांच्या काळातल्या कथेत ‘हिंगोली जिल्हा’ लिहिणारे हस्तलिखित आमच्याकडे येतेच येते.

प्रश्न: ऊसतोड कामगारांच्या कथेचा शेवट समजला नाही. दिवाळीआधी आजीजवळ ठेवलेला मुलगा उन्हाळ्यात वस्तीवर येतो तेव्हा आईबाप कारखान्यावरून परतलेले आहेत की नाहीत? कृपया लेखिकेला विचारून कळवावे.
— एक वाचक, गेवराई

उत्तर: लेखिकेला विचारणार नाही, तिला जे सांगायचे होते ते तिने छापायला दिले आहे. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचावा. दाराला कुलूप आहे, एवढे पाहून बहुतेकांनी ‘परतले नाहीत’ असा निष्कर्ष काढला; पण ओट्यावरच्या रांजणात पाणी आहे आणि भिंतीला दोन कोयते टेकवलेले आहेत. म्हणजे ती दोघे येऊन पुन्हा कामाला गेली आहेत. कशासाठी, याचे उत्तर कथेच्या मध्यावर, मुकादमाशी झालेल्या बोलण्यात आहे: घेतलेली उचल या हंगामात फिटलेली नाही. ही जुळणी वाचकाने करायची आहे. आईबाप परतले नाहीत असे धरले तर ती ताटातुटीची एक नेहमीची कथा होते. परतूनही ते मुलाला भेटू शकले नाहीत असे धरले, तर ती फार कठोर कथा होते, आणि आमच्या मते ती तशीच आहे.

प्रश्न: वाळूउपशावरची कविता ‘अभंग’ या नावाने छापली आहे. पहिले कडवे नियमात आहे, परंतु तिसऱ्या कडव्यात शेवटच्या चरणात चारऐवजी सहा अक्षरे आहेत. अक्षरे मोजता येत नसतील, तर ‘अभंग’ म्हणण्याचा आग्रह कशासाठी?
— एक निवृत्त शिक्षक, गंगाखेड

उत्तर: जनाबाईच्या गावाहून अभंगाबद्दल पत्र यावे, हे आम्हाला विशेष वाटले. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत, हे आपले म्हणणे बरोबर आहे. कवितेचे पहिले कडवे त्यात नेमके बसते:

कोरड्या नदीला / पुसे गाव माझे /
वाळूचे हे ओझे / कोण नेई

संतांच्या अभंगांतही अक्षरे कमीअधिक होतात, असा बचाव सहज करता येईल. पण तो अपुरा आहे. ते अभंग गाण्यासाठी होते, आणि वाढलेले अक्षर चालीत सामावून जाई. छापील कवितेला टाळ नसतो, त्यामुळे तिच्यात वाढलेले प्रत्येक अक्षर खडा लागल्यासारखे जाणवते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की तो खडा कवीने मुद्दाम ठेवला आहे का. तिसऱ्या कडव्याचा शेवट ‘ट्रक थांबे येथे’ असा आहे. पहिल्या दोन कडव्यांच्या लयीत वाचत आलेला माणूस तेथे अडखळतो, आणि नेमके तेथेच ट्रक उभा आहे, म्हणून ते अडखळणे आम्हाला पटले. पाचव्या कडव्यातील वाढीव अक्षराला मात्र असे काही कारण दिसत नाही. ‘आता’ हा शब्द तेथे केवळ भर घालतो आणि तो काढला असता तर ओळ साच्यात बसून अर्थही शाबूत राहिला असता. त्या कडव्यापुरता आपला आक्षेप आम्ही कवीकडे पाठवला आहे.

प्रश्न: आमच्या वाचक मंडळात आपल्या अंकातील एका कथेचे अभिवाचन करून त्याचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकायचे आहे. परवानगी अंकाकडून घ्यावी की लेखकाकडून? बी. रघुनाथ यांच्या कथा घेतल्यास कोणाला विचारावे?
— वाचक मंडळाच्या एक सदस्या, परभणी

उत्तर: लेखकाकडून. कथा अंकात छापल्याने तिचे स्वामित्व अंकाकडे येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आम्ही लेखकांकडून एकदा छापण्यापुरतीच संमती घेतो. प्रसिद्ध कथेतील वाजवी आकाराचा उतारा जाहीरपणे वाचून दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. संपूर्ण कथा वाचून तिचे चित्रीकरण प्रसृत करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी संमती हवीच. ती लेखी घ्यावी, साधे पत्रही चालेल, आणि त्यात ‘अभिवाचन’ व ‘चित्रीकरण’ हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहावेत. पुढे वाद होतात ते बहुधा दुसऱ्या शब्दावरून.

बी. रघुनाथ यांचे निधन 1953 साली झाले. आपल्याकडे लेखकाच्या हयातीतच प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि ती मुदत पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 2014 पासून सर्वांना खुले आहे. परवानगीची गरज नाही. मात्र लेखकाचे नाव सांगावे, आणि वेळेअभावी कथेचा काही भाग गाळणार असाल, तर ते श्रोत्यांना आरंभीच सांगावे.