माळ्यावरचा ‘मयूख’

प्रश्न : दापोलीच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावरच्या पेटीत आजेसासऱ्यांचं कायद्याचं पुस्तक सापडलं. ते वकील होते. रावसाहेब विश्वनाथ नारायण मांडलिकांचं, व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती, मुंबई १८८०. पाठीच्या चामड्याची लाल भुकटी हाताला लागते, कसरीने भोकं पाडलीत आणि समासात आजेसासऱ्यांनी पेन्सिलीने बरंच लिहिलंय. ओळखीचे एकजण म्हणाले, लिखाण खोडून नवीन बाइंडिंग करा, मग किंमत येईल. करू का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : ताई, खोडरबर आधी लांब ठेवा. तुमच्या प्रतीत सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते समासातलं लिखाणच.

मांडलिक तुमच्याच भागातले, मुरूडचे. त्यांनी भाषांतर केलेला नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख, म्हणजे आपला ‘मयूख’, हा सतराव्या शतकातला हिंदू कायद्याचा ग्रंथ. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात कोर्टं मिताक्षरेपेक्षा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या जुन्या टीकेपेक्षा, त्याला मान देत. रत्नागिरीकडे मात्र मिताक्षरा वरचढ. म्हणून दापोलीच्या वकिलाने मयूख कुठे उघडला, कुठे मिताक्षरेशी ताडून पाहिला, हे मला फार मोलाचं वाटतं. दत्तकाच्या आणि वाटणीच्या भागापाशी दाव्याचे नंबर, तारखा, गावांची नावं आहेत का बघा. असतील तर ते एका कोकणी वकिलीचं टिपण आहे, आणि ते दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नाही.

नुसत्या छापील पुस्तकाचं म्हणाल तर फार आशा धरू नका. १९५६मध्ये वारसा आणि दत्तकाचे नवे कायदे आले आणि वकिलांच्या टेबलावरून ही पुस्तकं उठली. मजकूर स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतो. इंटरनेटवर दिसतात त्या मागितलेल्या किमती. त्या किमतीला कुणी घेतलं का, हे तिथे कळत नाही. प्रत हातात घेतल्याशिवाय मी आकडा सांगत नाही.

तोवर तुम्ही एवढं बघा. पुस्तकाचं नाव छापलेलं आतलं पहिलं पान आहे ना? संस्कृत मूळ आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही आहेत ना? पानं एकेक करून मोजा, कारण मधलं एक पान गेलं तरी भाव पडतो. भोकं समासात असतील तर चालतं, अक्षरं खाल्ली असतील तर नाही. कसर अजून जिवंत आहे का हे ओळखायला पुस्तक आठवडाभर पांढऱ्या कागदावर ठेवा. खाली ताजा भुसा पडला तर ते इतर पुस्तकांपासून वेगळं करा. उन्हात मात्र ठेवू नका. पानाचा कोपरा हलकाच वाकवून बघा. तुटला तर कागद आंबट झालाय, मग ते फार उघडझाप करण्याजोगं नाही.

लाल भुकटी म्हणजे चामडं कुजणं. तेल, पॉलिश, फेविकॉल, सेलोटेप यातलं काहीही लावू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवा.

आणि बाइंडिंग नकोच. माझ्या हातून हे एकदा झालंय. एका वकील कुटुंबाचा जुना ग्रंथ मी हौसेने नवा बांधून घेतला. कडा सारख्या करताना सुरीखाली समास गेला आणि प्रत्येक टिपणाची शेवटची दोन-तीन अक्षरं कापली गेली. घरच्या आजी ती पानं उलटून अर्धे शब्द वाचायचा प्रयत्न करत होत्या. ते मी विसरू शकलो नाही.

परदेशातल्या कुणी मागितलं तर घाई करू नका. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या कायद्याने बंधन आहे. आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

विकायचं की ठेवायचं ते घरच्यांनी बसून ठरवा. पण त्याआधी टिपणं असलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. सकाळी खिडकीपाशी, उजेड तिरपा पडेल असं पुस्तक धरा. पुसट पेन्सिल त्या उजेडात नीट उठून दिसते.