बोजाऱ्याची नोट

पोरी,

तुझी कादंबरी दोन रात्रीत वाचून काढली. मधे लाइन गेली तेव्हा मोबाइलच्या उजेडात. दोघी मैत्रिणी पांदणीतल्या चिखलातून सायकली ढकलत शाळेत निघतात, एकीच्या चपलेचा पट्टा तुटतो आणि दुसरी आपलीही चप्पल काढून हातात घेते, तिथे मी थांबून ते पान पुन्हा वाचलं. मैत्री तुला लिहिता येते. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

माझं अडलं ते आबाजींच्या पेटीशी. पेटी उघडते, जुनी वही निघते आणि नातीला घराण्याचा वारसा कळतो. आपल्या भागातल्या पेट्या मी उघडलेल्या आहेत. त्यात सोसायटीच्या पावत्या निघतात, सातबाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे निघतात, फार तर कसर लागलेला एखादा फेटा. पेटी काढून टाक.

वारसा तुझ्या कादंबरीत आहेच. पोळ्याच्या प्रसंगात आहे आणि तिथून तू तीन ओळींत निघून गेलीस. नायिकेच्या घरची जोडी मानाची, तोरणाखाली पहिली तीच उभी राहते. पण कासरा कोणाच्या हातात आहे? मैत्रिणीच्या बापाच्या. तो त्या घरचा सालगडी, वर्षाच्या बोलीवर राबणारा. आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप त्यानेच चोळलं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ हेही त्यानेच बैलांच्या कानात सांगितलं. मग पोळा फुटतो, जोडी वाड्यावर येते, नायिकेची आई बैलांचे पाय धुते, ओवाळते आणि गड्याच्या हातावर बोजाऱ्याची, म्हणजे पोळ्याच्या बक्षिसीची, नोट ठेवते. त्या वेळी मैत्रीण कुठे उभी आहे? तू तिला घरी पाठवून दिलंस. का गं? तिला तिथेच दाराशी उभी कर. बाप नोट कपाळाला लावतो ते तिला बघू दे, आणि ती बघते आहे हे नायिकेला दिसू दे. दोघींनी एक शब्द बोलायचा नाही. या एका प्रसंगाला मी दहा पानं देईन.

दुसरं. कथा 2017 ची, गाव दारव्ह्याकडचं, आणि फवारणीचं नाव नाही? त्या वर्षीचा पोळा 21 ऑगस्टचा. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, फवारा उलटा तोंडावर येत होता. पंप पाठीवर असे तो बहुतेक मजुराच्या, गड्याच्या. वावराचा मालक एक आणि विष हुंगणारा दुसरा. तुझ्या मैत्रिणीच्या बापाला मारू नकोस, मरण फार सोपं पडतं लिहायला. त्याला आठ दिवस डोळ्यांनी धूसर दिसू दे आणि गणिताची वही त्याच्या उशाशी बसून सोडवणारी पोरगी दाखव. हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीने मालकाचाही कापूस खाल्ला, म्हणजे वाड्यावरही पैसा नाही. आता सालाचं काय?

साल पाडव्याला बदलतं, हे तुला मी सांगायला नको. 2018 चा पाडवा 18 मार्चला आला, दहावीच्या पेपरांच्या ऐन मधे. बाप दुसऱ्या गावी साल धरतो की इथेच राहतो, ते त्या दिवशी ठरणार. पोरगी दहावीचं पुस्तक उघडून बसलेली आणि ओसरीवर तिच्या बापाचा भाव चाललेला. असं पंचांग तुला फुकट मिळालंय आणि तू शेवटी मुद्दाम एक अपघात घडवतेस!

कादंबरीतल्या आत्याचंही बघ. 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. तरी तालुक्याला नेऊन बहिणीची हक्कसोडावर सही घेणं काही थांबलं नाही. माझ्या आत्याने सही केली त्या दिवशी घरी पुरणाची पोळी होती. आम्हा पोरांना वाटलं, कसला तरी सण आहे. ती जेवली नाही, हे माझ्या लक्षात आलं ते तीस वर्षांनी. तुझी नायिका हुशार आहे, तिला तेव्हाच कळू दे. मानाची जोडी भावाची होणार आणि आपल्यालाही एक दिवस तालुक्याला नेतील, एवढं कळलं की मैत्रिणीच्या शेजारी ती वेगळ्या मनाने बसेल.

भाषेचं थोडक्यात. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ छान आलंय, पण मधेच गोंदियाकडचं कानावर येतं. ती बोली वेगळी. तुझ्या आजीला एकदा वाचून दाखव, ती जिथे हसेल तिथे खूण कर.

आधी पोळ्याचंच प्रकरण पाठव. बाकीचं राहू दे. आणि नोट किती रुपयांची, ते नक्की लिही. मैत्रिणीला तो आकडा विसरता येणार नाही.

तुझे,
सर