बाणेरमध्ये नवीन फ्लॅट घेतलाय, आई व्हीलचेअरवर असते. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. बिल्डर म्हणतो निवासी इमारतीला सक्ती नसते. कायद्याने काय करता येईल?

भोगवटापत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) मिळालेलं नसेल तर आजच हालचाल करा. एकदा ते हातात पडलं की बिल्डरला घाई उरत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 44 म्हणतं की सुगम्यतेचे (दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे) नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. ते आस्थापनांना लागू आहे, आणि खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, फर्म, सहकारी संस्था सगळ्या येतात. म्हणजे नुसतं 'निवासी आहे' म्हणून बिल्डर सुटत नाही. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालचा, सुगम्यतेची मानकं सांगणारा नियम 15 शिफारसवजा असल्यामुळे कायद्याशी विसंगत ठरवला, केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितलं आणि दाखला रोखण्याच्या, दंडाच्या तरतुदी वापरायला लावल्या. तरी नेमका कुठला नियम लागू, यावर बिल्डरचा वकील वाद घालणारच. म्हणून मंजूर नकाशा जवळ ठेवा.

तो महारेराच्या (रेरा या बांधकाम व्यवसाय नियमन कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर शोधा. नाही सापडला तर महापालिकेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत 30 दिवस. नकाशात रॅम्प आहे आणि जागेवर नाही, तर काम सोपं: रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार मंजूर नकाशाप्रमाणेच बांधावं लागतं.

मग टेप घेऊन जा. उतार 1:12 हवा, म्हणजे 1 उंचीला 12 लांबी. पायऱ्यांची एकूण उंची 450 मिमी असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब लागतो. जागा वाचवायला 3 मीटरचा करतात. तो जवळपास 1:6.7 होतो, त्यावर खुर्ची ढकलणाऱ्याचाही तोल जातो. दार पूर्ण उघडून मोकळी रुंदी मोजा, 900 मिमी हवी. लिफ्टसमोर खुर्ची वळायला 1500 मिमीचं वर्तुळ मोकळं हवं. बहुतेक चूक इथेच असते: रॅम्प लॉबीपर्यंत येतो आणि लिफ्टच्या तोंडाशी पुन्हा एक पायरी, पाणी आत येऊ नये म्हणून ठेवलेली. पॉलिश केलेला ग्रॅनाइटही चालवून घेऊ नका, पावसात चाक घसरतं.

मापं, फोटो आणि कलम 44 घालून बांधकाम विभागाला पत्र द्या, 'भोगवटापत्र देण्यापूर्वी पाहणी करावी' असं स्पष्ट लिहा, आवक शिक्का घ्या. त्याची प्रत जोडून दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा; त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. त्यांना साक्षीला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. निर्णय शिफारशीच्या रूपात येतो, पण संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत कारवाई किंवा नकाराचं कारण कळवावंच लागतं.

तोवर ताबापत्रावर 'कोणतीही तक्रार नाही' या वाक्याखाली सही करू नका.