माग गेले, आता बाळंतविड्याचा ब्रँड: घर गहाण टाकू का?

प्रश्न: इचलकरंजीत आमचे आजोबांपासूनचे 24 साधे माग होते. गेल्या वर्षी बंद केले. माग भंगारात गेले, गाळा विकून बँकेचं कर्ज फेडलं. हातात 14 लाख उरलेत, सूतवाल्याचे साडेतीन लाख द्यायचे आहेत. बायको खासगी शाळेत शिक्षिका आहे, पगार 22,000. घरखर्च 38,000. घरात आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी. बायकोने दुपटी, झबली, टोपरी, लंगोट असे 60 बाळंतविडे करून पाहिले, 52 विकले गेले. आता 12 शिलाई मशीन, भाड्याचा गाळा आणि सहा लाखांचं कापड घेऊन स्वतःचा ब्रँड काढायचाय. आईच्या घरावर आठ लाखांचं कर्ज घेऊ का?

उत्तर: धंदा करा, पण घर गहाण टाकू नका. आणि मशीन तर मुळीच घेऊ नका.

आधी तुमचे 14 लाख मोजू. सूतवाल्याचे साडेतीन गेले. घरखर्चात दरमहा 16,000 कमी पडतात, म्हणजे दीड वर्षाचे 2 लाख 88 हजार बाजूला. आईवडिलांच्या आजारपणासाठी दोन लाख वेगळे. उरले साधारण साडेपाच लाख. तुमचं भांडवल एवढंच. त्यातले तीन धंद्यात घाला, अडीचला हात लावू नका.

सूतवाल्याला ‘नवा धंदा उभा राहिला की देतो’ असं सांगायचा विचार पत्रात डोकावतोय. तसं करू नका. व्याज सोडायला सांगा, मुद्दल एकरकमी द्या. उधारीवर सूत उचलताना वडिलांनी सह्या करून कोरे चेक दिले असतील, ते मोजून परत घ्या आणि खातं मिटल्याचं लिहून घ्या. बँकेतलं खातं बंद केलं म्हणून ते चेक निकामी होत नाहीत. चेक भरला गेला आणि परत आला, तर चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, म्हणजे कलम 138 ची नोटीस वडिलांच्या नावाने येईल. जुन्या फर्मचा जीएसटी क्रमांक रद्द केला असेल तर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र, जीएसटीआर-10, भरायचं असतं. तेही सीएला विचारा. आणि या देण्यातून सुटण्यासाठी नवा धंदा बायकोच्या नावावर टाकायची कल्पना कुणी सुचवली असेल, तर ती सोडा. इचलकरंजीसारख्या गावात पत एकदा गेली की कापडसुद्धा रोख मोजूनच मिळतं.

आता सेटचा हिशेब. तुम्ही लिहिता: कापड 260, शिलाई 150, नाडी-लेबल-धुलाई-इस्त्री 60, खोका 110, एकूण 580, विक्री 1,250, म्हणून नफा 670. हा नफा प्रदर्शनात टेबलामागे स्वतः उभं राहिल्याचा आहे, आणि त्यातून स्टॉलचं भाडंही वजा नाही. दुकानातून विकायला गेलात तर दुकानदाराचे 35 टक्के, म्हणजे 437 गेले. किमतीतला पाच टक्के जीएसटी सुमारे 60. उरतात 173. ऑनलाइन विकलात तर दुकानदाराच्या जागी जाहिरात, कुरिअर आणि परत आलेला माल बसतो.

आठ लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे 13,700. म्हणजे महिन्याला 80 सेट नुसत्या हप्त्यासाठी विकायचे. गाळ्याचं भाडं आणि तुमचा पगार त्यानंतर. हप्ते थकले तर बँक कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देते आणि कोर्टात दावा न लावता घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागते. उतारवयात आईंना यात का ओढायचं?

आणखी एक अडचण मालातच आहे. बाळंतविडा माणूस एकदा घेतो. आत्याने बारशाला घेतला की त्या घरात पुढची काही वर्षं गिऱ्हाईक नाही. प्रत्येक सेटला नवा माणूस शोधायचा, म्हणजे प्रत्येक वेळी नवा खर्च. म्हणून दुपटी आणि लंगोट सुटे विका, सहा-सहाचे जोड करून. ते आई स्वतः पुन्हा मागवते. 52 पैकी किती सेट पूर्ण किमतीला अनोळखी माणसांनी घेतले, तेवढं वहीत काढा. मावशी-मामींची खरेदी प्रेमाची असते, ती बाजार दाखवत नाही.

दुकानदार तुम्हाला जांगडवर माल ठेवायला सांगतील. ‘विकेल तसे पैसे देतो.’ 500 सेट असे बाहेर राहिले की तुमचे 2 लाख 90 हजार दुसऱ्याच्या कपाटात. माग बंद पडायला मजुरी आणि वीज कारणं असतील, पण व्यापाऱ्याच्या उधारीच्या 90 दिवसांचे 120 झाले, हेही तुम्हीच लिहिलंय. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा, ती फुकट आहे. उत्पादक म्हणून नोंद असली की लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि नसला तर 15 दिवसांत पैसे द्यायचं बंधन खरेदीदारावर येतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कायदा चांगला आहे. पण दहा सेटच्या बिलासाठी दुकानदारावर तक्रार केलीत तर पुढची ऑर्डर विसरायची. त्यापेक्षा जांगडला नाही म्हणा आणि रोखीला पाच टक्के जास्त सूट द्या.

शिलाई आहे तशी घरगुती कारागिरांकडूनच करून घ्या, नगावर. सेटला 150 जातात ते काम असेल तेव्हाच जातात. मशीन मात्र रिकामी उभी असली तरी गाळ्याचं भाडं खाते. अनुदानासाठी मशीन घ्यायची असं कुणी सांगेल. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेचं अनुदान हातात पडत नाही. आधी कर्ज होतं, आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकते.

खरेदीला मात्र वडिलांना न्या. मलमलीत किती पीक, म्हणजे आडवे धागे, कमी मारलेत, हे त्यांना चिमटीत धरून कळेल. तुम्हाला ते शिकायला दोन खराब ताके पुरे पडायचे नाहीत. कापड धुऊन मगच कापा. पहिल्या धुण्यात आटलेलं झबलं परत येतं, आणि ते दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

तीन लाखांचे तीन भाग करा. पहिल्या लाखाचा माल विकून पैसे खात्यात आल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. सहा महिन्यांत अनोळखी माणसांकडून महिन्याला 40 सेटची रोख विक्री दिसली नाही, तर तुम्ही नोकरी धरा आणि हे काम सुट्टीतलं ठेवा. कापडाची पारख असलेला माणूस गारमेंटवाल्यांना हवाच असतो.

बँकेत दाखवायला आईंकडून घराचं खरेदीखत आणलंय, असं लिहिलंत. ते आज संध्याकाळी त्यांच्या कपाटात परत ठेवा.